डावीकडची सीट

गाडी बघायला गेलेला माणूस आधी स्टिअरिंगला हात लावतो. हिराजीदादा डावीकडचं दार उघडायचा, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायचा, डोळे मिटायचा आणि शोरूमच्या माणसाला म्हणायचा, "आता तू चालव." तो बिचारा माझ्याकडे बघायचा. मी काय सांगणार? पेणमध्ये माझं वायरी-स्विचचं दुकान, हिराजीदादा माझं जुनं गिऱ्हाईक, आणि "तुला नीट बोलता येतं" एवढ्या एका गुणावर त्याने मला बरोबर घेतलेलं.

तो विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. विहिरीवरचे पंप, भातगिरण्यांच्या मोटारी, धाटावच्या लहान कारखान्यांतले पंखे. गागोद्यापासून रोह्यापर्यंत मोटारसायकलवर हिंडायचा, मागे पंप दोरीने बांधलेला. जळालेल्या पंपाचा नुसता वास घेऊन म्हणायचा, "उपाशी चालवलाय रे याला." म्हणजे पाणी नसताना. आता तो उरणला बहिणीकडे असतो आणि मोटारींना हात लावत नाही.

मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. तारावहिनी विसरायला लागल्या. आधी भातात दोनदा मीठ पडायचं, त्यावर आम्ही हसलोसुद्धा. मग एका दुपारी त्या खाडीच्या बांधावर सापडल्या, अनवाणी, माहेरी निघालेल्या. दिवसभर कोंडून ठेव, असं एका शेजाऱ्याने सुचवलं, तर दादाने त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला म्हणाला, "कामाला बरोबर नेईन तिला. शेजारी बसंल. गाडी पायजे."

गाडी मध्यम हवी, हे मलाही पटत होतं. मोठी गावातल्या वाटांवर वळत नाही, लहानीत पंप आणि माणूस दोन्ही मावत नाहीत. पण पुढे त्याने माझा जीव खाल्ला. एका गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली. "तिच्या बुडाखाली चूल नको." दुसरीची पायरी उंच. वहिनींचा पाय किती वर जातो ते त्याने तांब्याच्या तारेवर मापून आणलं होतं, आणि ती तार तो भर शोरूममध्ये पायरीला लावून बघायचा. तिसरीची खिडकी वर होती. "तिला रस्ता दिसला पायजे. रस्ता दिसला की ती गप असते."

"काका, माल किती भरणार?" विक्रेत्याने विचारलं.

"मालाचं मी बघतो. तू सीटचं बोल."

मी वैतागून म्हटलं, "दादा, मुलगी बघायलाही एवढा वेळ लागत नाही." तो हसला. "हिला कुठं बघितली होती मी? आईनं ठरवली."

या बघाबघीत सहा-सात महिने गेले. शेवटी मनासारखी गाडी मिळाली. मागच्या सीटा काढून त्याने हत्यारांचे खण बसवले, गाडी दारात आणली, डावीकडचं दार उघडलं आणि म्हणाला, "बस गो तारा."

वहिनींनी पदर सावरला. "परक्या मानसाच्या बाजूला मी नाय बसाची."

आम्ही समजावत राहिलो, तशा त्या थरथरायला लागल्या. "आमचं मानूस कामाला गेलंय. त्याला कळलं तं?" घरात त्या त्याला कधी दीर समजायच्या, कधी भाऊ. हे त्याने मला सांगितलंच नव्हतं. गाडीपाशी मात्र तो सरळ परका झाला. मला रडू आलं. तो दार धरून तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने एक सीट मागे परत बसवली. मग रोज तो पुढे, त्या मागे. त्याला त्या 'डायवरदादा' म्हणायच्या आणि वाटभर मन मोकळं करायच्या. एकदा तो दुकानात येऊन बसला. "आज म्हणाली, आमचं मानूस चांगलं हाय, पन माझ्याशी बोलत नाय. मोटारींशी बोलतं."

"मग तू काय म्हणालास?"

"सांगतो त्यांना, म्हटलं." चहा तसाच ठेवून तो उठला.

गेल्या थंडीत रोह्यात काम चालू असताना वहिनींना धाप लागली. त्याने तिथल्याच दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा त्या स्ट्रेचरवर होत्या, शुद्धीत, त्याचा शर्ट घट्ट धरून. नर्सने विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

त्याने वहिनींकडे पाहिलं. मागे एका डॉक्टरसमोर तो 'नवरा' म्हणाला होता, तर त्या किंचाळून पळत सुटल्या होत्या.

"डायवर हाय मी त्यांचा."

"मग बाहेर थांबा. नातेवाइकांना बोलवा."

वहिनींनी शर्ट सोडला. "दादा, आमच्या मानसाला सांगा, मी हितं हाय."

दार लागल्यावर मी नर्सला खरं काय ते सांगितलं. तिने लगेच त्याला आत बोलावलं. तो गेला नाही. "मला बघून विचारंल, आलं का माझं मानूस. काय सांगू?"

संध्याकाळच्या आत वहिनी गेल्या. शेवटपर्यंत दाराकडे बघून नवरा आला का विचारत होत्या, असं नर्स म्हणाली. तो दाराबाहेरच्या बाकावर बसला होता.