ताडकळसमधलं एक अक्षर

यशवंत गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, सुजातानं केला, तेव्हा मी ताडकळसला माझ्या घरी होतो. महिना होत आला... पण एक गोष्ट तो असतानाच सांगायची होती, ती आता सांगतो.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची दोन-तीन वर्षं. परभणीच्या आमच्या कचेरीत गावोगावच्या कापूस चाचणीच्या नोंदी नव्या कॉम्प्युटरवर चढत होत्या. मी अधिकारी, यशवंत ऑपरेटर. त्यानं स्वतःच एक पद्धत बसवली होती. मूळ फ्लॉपी एकदा भरली की तिच्यावर पुन्हा लिहायचं नाही. कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून टाकायची, म्हणजे मशीनला तिच्यावर लिहिताच येत नाही. पुढं जो भाग बदलेल तेवढाच दुसऱ्या फ्लॉपीवर, मूळच्या कितव्या जागेचा ते आकड्यात नोंदवून. मशीन आधी बदल बघायचं, तिथं नसेल तर मूळ. "साहेब, काई बी करा, मुळाला हात लावू नगा," असं तो मला हसत बजावायचा.

मूळ फ्लॉपीत ताडकळसच्या इंग्रजी नावातलं एक अक्षर गळलं होतं. माझं गाव ते, डोळ्यांत खुपायचं. एका दुपारी तो जेवायला गेल्यावर मी पट्टी काढली, अक्षर घातलं, पट्टी परत चिकटवली.

दुसऱ्या दिवशी नोंदींचा चिवडा झाला. मानवतची बोंडं गंगाखेडच्या रकान्यात. यशवंतनं मशीन पुसलं, फ्लॉप्या बदलून पाहिल्या, विजेवर संशय घेतला. शेवटी जुने-नवे छापील कागद फरशीवर शेजारी मांडून तो ओळीमागून ओळ तपासत गेला. एका ओळीपर्यंत सगळं जुळत होतं. तिथून पुढं प्रत्येक अक्षर एका घरानं सरकलेलं. बदलाच्या फ्लॉपीला मात्र जुन्याच जागा ठाऊक. त्यानं ते जास्तीचं अक्षर काढलं आणि सगळं जागेवर आलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "गावाचं नाव लय नीट लिहिलं होतं, साहेब."

मी समोरची फाईल ओढून घेतली.

फ्लॉप्या त्याच्या ताब्यात, म्हणून ठपका त्याच्यावर आला. तो बौद्ध, त्या दिवसांत कचेरीत "मशीन कुणाच्या हाती दिलं, बघा" म्हणायला लोक टपलेलेच होते. ठपक्याच्या कागदावर सही माझी आहे. त्याची बढती अडली. त्यानं माझं नाव कुठंच घेतलं नाही. उलट ताडकळसचं ते अक्षर बदलाच्या फ्लॉपीवर त्यानं आपल्या पद्धतीनं नीट करून ठेवलं... आणि पुढं मलाही ते काम शिकवलं.

गेल्या आठवड्यात कचेरीच्या नावे सगळं लिहून काढलं आणि सुजाताला दाखवायला परभणीला यशवंतच्या घरी गेलो. तिनं दोनदा वाचलं.

"बाबा होते तवा का न्हाई दिलं, काका?"

तिनं कागद उलटून शेवट पाहिला. मग म्हणाली, तारीख राहिलीये. मी विचारलं, घडलं तेव्हाची टाकू का?

"नगा. आजचीच टाका. सोमवारी दोघं मिळून देऊन येऊ."

यशवंतच्या टेबलावर अजून त्याची वर्तमानपत्रं होती, घड्या घातलेली. ती बाजूला सारून तिनं मला जागा करून दिली. त्याच्या खुर्चीत बसून मी आजची तारीख टाकली.