दगडी पाल्याचा डॉक्टर

सलूनवाल्याने सख्ख्या मेहुण्याचा कान कापला, अशी बातमी सोमवारी गल्लीभर फिरली. दुधाच्या रांगेत एकीने तर तो कान फरशीवर पडलेला पाहिलाही होता म्हणे. सगळं झूट. कान जागच्या जागी आहे. पाळीला तांदळाएवढी चीर गेली, एवढंच. मात्र ती चुकून गेली नाही.

या गृहस्थाचं वस्तऱ्यापेक्षा पाल्यावर प्रेम जास्त. दगडी पाला म्हणजे भिंतीच्या कडेने, गटाराच्या काठाने उगवणारं, पिवळ्या डोळ्याच्या पांढऱ्या फुलांचं तण. चुरडून रस लावला की बारीक जखमेचं रक्त थांबतं, कातडी भरून येते. पोराटोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. पण याची समजूत, शोध आपलाच! खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यात त्याने ते तण लावलं, तुरटी फेकून दिली. औषध हाताशी असल्यावर सावध कशाला राहायचं? ब्लेड बदलणं सुटलं, हात बेफिकीर झाला. गिऱ्हाईक हनुवटीवर हिरवे ठिपके घेऊन बाहेर पडे आणि स्वारी कुठून आली ते गल्ली ओळखे. वर व्याख्यान फुकट. "कातडीला अधूनमधून जाग आणावी लागते, साहेब!" साहेब पुन्हा फिरकत नसत.

दुकान मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचं. त्याने एकदाचं बजावलं, "दाजी, रविवारी माझी दाढी तुम्ही करायची. रक्ताचा थेंब दिसला तर खुर्ची दुसऱ्याला. तुम्ही केस झाडायचे."

बायकोने हे ऐकलं. नवऱ्याने भावाच्या दुकानात झाडू मारायचा आणि वहिनीने ते चवीने सांगत फिरायचं! रविवारी तिने स्वतःच्या हाताने नवं ब्लेड बसवलं. "अहो, आज तोंड बंद आणि हात हलका. पाल्याचं नावसुद्धा काढू नका." गरम पाण्याचं पातेलं घेऊन ती दारातच उभी राहिली.

आणि काय सांगावं! गाल, हनुवटी, गळा, सगळं लोण्यासारखं. थेंब नाही. मेहुण्याने आरशात मान इकडेतिकडे वळवून पाहिली. "दाजी, हात आहे की तुम्हाला! खुर्ची तुमचीच." बायकोने श्वास सोडला.

पण याचं तोंड एवढंसं झालं. धुऊन ठेवलेली पानं वाटीत तशीच पडलेली. कौतुक झालं ते दाढीचं! दाढीचं काय कौतुक? "थांबा, कानाजवळ एक केस राहिलाय," म्हणाला आणि पाळीवर खुशाल ब्लेड फिरवलं. मेहुणा ओरडायच्या आत पाला चुरडून दाबून धरला. मग ऐटीत बोट उचललं. "बघा! थांबलं की नाही?"

थांबलं होतं, खोटं कशाला बोला. मेहुण्याने गळ्याभोवतीचं कापड भिरकावलं, कोपऱ्यातल्या झाडूकडे बोट दाखवलं आणि हिरवा कान मिरवत निघून गेला.

बायकोने पातेलं आपटलं. "अहो, दाढी झाली होती, खुर्ची मिळाली होती! मग हात कशाला चालवलात?"

तो झाडू उचलत म्हणाला, "दाढी काय, कोणीही करतं. रक्त थांबवून दाखव म्हणावं तुझ्या भावाला."