जागेवाल्यावरचा आळ

“पयलो मी बसतलंय.”

ब्रेकचं काम संपलं की तो एवढंच म्हणे आणि गाडीच्या मालकाला कोपराने बाजूला सारून स्वतः सीटवर टांग टाकी. मिठबावच्या अलीकडच्या तिठ्यावर त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, तर जांभ्या दगडाच्या भिंती, वर मातीच्या नळ्यांचं छप्पर आणि पुढे माडाच्या झापांची माटवी. तिथून रस्ता खाडीकडे उतरतो. दुरुस्त झालेली गाडी घेऊन तो त्या उतारावर सुटे, खाली करकचून ब्रेक मारी, वळून वर येई आणि मगच किल्ली मालकाच्या हातावर ठेवी.

नव्या गिऱ्हाइकाला याचा राग यायचा. मलाही आला होता. “गाडी माझी आणि पहिली रपेट तुझी का रे?” मी विचारलं. तो चिंधीला हात पुसत म्हणाला, “मास्तरांनू, तुमी पडल्यात तर पोरांक शिकवतलो कोण? मी पडलंय तर काय, गाडी परत हयच येतली.”

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. माझे वडील लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हे मी अभिमानाने सांगतो, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्या शिक्षणातून आमच्या घरात आलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे माझी जुनी फटफटी. ती कुणाच्या हातात द्यायची याबद्दल मी फार चोखंदळ होतो. महिनाभर पाहून पाहून मग मी ती या मेस्त्रीच्या हातात दिली. गावात त्याला सगळे मेस्त्रीच म्हणत.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. बदललेला भाग, मग तो झिजलेला ब्रेक शू असो की तुटकी केबल, तो सुंभाने बांधून मालकाच्या कॅरियरला अडकवून देई. “घराक नेवन बगा, खराच झिजलेलो होतो काय ता.” लोक पुढच्या वळणावर ते भंगार व्हाळात, म्हणजे ओढ्यात, फेकून देत. त्याने ते पाहिलं तर तो रुसत असे.

एकदा एका आंबेवाल्याला आपली गाडी विकायची होती. गिऱ्हाईक घेऊन तो गॅरेजपुढे उभा राहिला आणि डोळा मारून म्हणाला, “मेस्त्री, सांग रे ह्यांका गाडी कशी आसा ती.”

मेस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली, जरा वेळ ऐकलं. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, “गाडी बरी आसा. फक्त चढणीक उतरान ढकलूची लागता. घरात ढकलूक माणूस आसलो तर घेवा.”

“मेल्या, धंदो करतंस की व्रत?” आंबेवाला ओरडला. मेस्त्री हसला. गाडी विकली गेली नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच आंबेवाला तीच गाडी घेऊन दुरुस्तीला आला. जाणार कुठे?

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो. इतकी वर्षं टाळत आलो.

मेस्त्रीचा एक बाळपणीचा मित्र होता. आवस आणि झील, म्हणजे आई आणि मुलगा, दोघंच घरात. जत्रा लागली की हा कॅरियरला खाज्याची पेटी आणि कोकमाच्या बाटल्या बांधून तिथे दुकान थाटायचा. मोठा बडबड्या माणूस. त्या वर्षी कुणकेश्वरच्या जत्रेच्या तोंडावर त्याने मागच्या ब्रेकचं काम काढलं. गॅरेजमध्ये गाड्यांची रांग लागलेली. मेस्त्रीने काम संपवलं आणि हात धुवायला मागे विहिरीवर गेला. तेवढ्यात मित्राने किक मारली आणि मागे वळून ओरडला, “आज मी पयलो!” मी तिथेच बाकड्यावर बसलो होतो. सगळे हसले. मेस्त्रीसुद्धा ओल्या हाताने धावत आला आणि हसला.

जत्रा संपून काही दिवस गेले. एका संध्याकाळी बाजारातून परतताना वडाच्या व्हाळाच्या वळणावर त्या मित्राची गाडी कठड्यावरून खाली गेली. तो जागच्या जागी गेला.

आमच्याकडे प्रत्येक अडचणीच्या जागेला तिचा राखणदार असतो. त्या वळणाला होता. लोक त्याला जागेवालो म्हणत, नाव घेत नसत. तिथून जाताना कुणी विडी टाकी, कुणी पानाचा तुकडा. तेव्हा त्या मरणाचं कारण गावाला शोधावं लागलं नाही. तरी आवशीच्या समाधानासाठी गावकरांनी देवळात कौल लावायचं ठरवलं. गावकर म्हणजे गावचे मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा.

मीही गेलो होतो. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या पोराक जागेवाल्यान नेल्यान आसात तर उजवो दी रे म्हाराजा...” आणि सगळा सभामंडप एका आवाजात म्हणाला, “व्हय म्हाराजा!” उजवी पाकळी लगेच सुटली. लोकांनी सुस्कारा सोडला. जागेवाल्याला कोंबडा आणि नारळ द्यायचं ठरलं. खांबाला टेकून बसलेल्या आवशीने कितीतरी दिवसांनी पदराने तोंड पुसलं.

तेव्हा मागून आवाज आला, “गावकरांनू, वायच थांबा.”

मेस्त्री होता. अंगावर गॅरेजचेच कपडे. पुढे येऊन त्याने मूठ उघडली. तळहातावर दोन पायांची एक लहानशी पिन होती, केसांच्या आकड्याएवढी.

“जागेवाल्याक कित्याक गुतवतास? ही पिन ब्रेकच्या नटात घालूची ऱ्हवली. ही नाय तर नट हळूहळू सुटता. जत्रेच्या दुसऱ्या दिवसा माका ही डब्याच्या झाकणात दिसली. येतलो तेवा घालतलंय, म्हटलंय. तो येवक नाय, मीय जावक नाय.”

गावकर म्हातारे, भल्या मनाचे. ते हळू आवाजात म्हणाले, “गप बस रे. दुखान तुजा डोक्या फिरला. देवान उजवो दिल्यान मां?”

“दिल्यान. पण तुमी विचारल्यात जागेवाल्याचा. माजा नाव कोणी घेवकच नाय. माजा नाव घेवन विचारा.”

“म्हंजे देवाचो कौल खोटो?” मागून कुणीतरी चिडून विचारलं.

“तसा मी म्हणाक नाय. विचारा, म्हटलंय.”

गुरवाने नाइलाजाने पुन्हा पाकळ्या लावल्या. गावकरांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी त्याच्या नावाने. ते संपलं आणि “व्हय म्हाराजा” म्हणायची वेळ आली, तेव्हा सगळा सभामंडप गप्प राहिला. एकट्या मेस्त्रीचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

पाकळी पडली नाही. उजवीही नाही, डावीही नाही. समईतलं तेल सरत आलं. शेवटी गावकर उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “देव बोलाक नाय. सुटलंस. जा घराक.” लोक पांगले. तो मात्र त्या पाकळ्यांकडे पाहत तिथेच बसून राहिला.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, “तुझा त्या जागेवाल्यावर विश्वास आहे ना? मग कौल मिळालाच होता की.”

“इस्वास आसा म्हणानच सांगतंय मास्तरांनू. रोज त्येच्याच वाटेन जातंय. त्येच्यार खोटो आळ घातलंय तर फाल्या सकाळी थयसून जाताना तोंड कसा दाखवू?”

मी असल्या गोष्टी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आजही नाही. पण न दिसणाऱ्या शेजाऱ्याची एवढी भीड बाळगणारा दुसरा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

तो म्हणाला, “वायच वांगडा येवा.” म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर आवशीकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती. तो खाली खळ्यात, अंगणातच उभा राहिला. ती मग म्हणाली, “माका जागेवालोच बरो होतो.”

तो मान खाली घालून उभा.

“त्येका गाळी घालूक येत होत्यो. तुका कशी घालू? माज्या हातची पेज खावन वाढलंस रे तू.”

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. पडवीत सुंभाने बांधून ठेवलेल्या मोडक्या गाडीकडे तिने बोट दाखवलं. “ती नीट कर.”

“काकी, ती आता...”

“नीट कर, म्हटलंय मां?”

त्याने ती गाडी नीट केली. कितीतरी आठवडे लागले. वाकलेला सांगाडा त्याने सरळ केला, टाकीला रंग दिला. तयार झाली त्या संध्याकाळी मी शाळेतून परतत होतो, तर हा गाडी हाताने ढकलत चढण चढतोय. घामाने निथळत होता. मी मागून हात लावला. खळ्यात पोचलो तेव्हा आवस दारातच होती.

“चालू होता?”

“होता, काकी.”

“मगे ढकलत कित्याक हाडलंस?”

तो घाम पुसायला लागला. मला मात्र कळलं होतं. मुलगा परत येताना जो आवाज चढणीवरून यायचा, तो त्याला तिला ऐकवायचा नव्हता.

“चालू कर,” ती म्हणाली.

त्याने किक मारली. गाडी सुरू झाली. ती डोळे मिटून ऐकत राहिली, आणि मग सवयीनेच असावं, वळून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात पेजेचा वाडगा होता. मेस्त्रीला पाहून ती उंबऱ्यावरच थबकली. मग पुढे येऊन वाडगा त्याच्यासमोर ठेवला. “खा. आणि फाल्या येवन परत चालू कर. उबी गाडी गंजता.”

तेव्हापासून तो रोज दिवेलागणीला चढण चढून जाई, गाडी चालू करी, थोडा वेळ फिरू देई आणि बंद करून परते. तुम्ही त्या वाडीत राहिला असता तर कळलं असतं. मेलेल्या माणसाची फटफटी रोज त्याच वेळेला वाजायची. त्याचा कुत्रा वाटेच्या तोंडाशी जाऊन शेपटी हलवत उभा राहायचा आणि कुणी येत नाही म्हणून परत यायचा. बायका पोरांना घरात घ्यायच्या. मी प्रकाशाचे आणि ध्वनीचे धडे शिकवणारा माणूस, पण त्या वेळी मीही वही मिटून बसत असे. गावकरांनी निरोप धाडला, हे बंद कर, वाडी बिचकते. त्याने निरोप आणणाऱ्याला सांगितलं, “काकी नको म्हणात तेवा बंद करतलंय.”

गिऱ्हाइकं काही फारशी तुटली नाहीत. तुटला तो. काम झालेली गाडी तो पुन्हा उघडी. पिना चाचपी, नट आवळी, उतारावर जाऊन येई आणि परत सगळं सोडी. एकदा माझी गाडी दिल्यावर तिठ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत मागे धावत आला. “मास्तरांनू, थांबा, थांबा, वायच बगूंदे.” धाप लागून रस्त्यातच गुडघे टेकले आणि मागच्या चाकाशी बोटं फिरवली. सगळं जागच्या जागी होतं. “आसा,” तो म्हणाला, आणि तिथेच बसला. त्याच्या तोंडाकडे पाहवेना. बरोबर केलेलं कामसुद्धा त्याला आता दिलासा देत नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात त्याला ताप भरला. उतरेल उतरेल म्हणता तो उतरलाच नाही. स्मशानातून आम्ही परतलो त्या संध्याकाळी वाडीत कुठूनच आवाज आला नाही. लोकांना बरं वाटायला हवं होतं. पण दिवेलागणीला जो तो आपापल्या अंगणात येऊन उगाच उभा राहिला होता, हे मी पाहिलं आहे.

त्याचं तेरावं झाल्यावर आवस माझ्या बिऱ्हाडाच्या खळ्यात आली. डोक्यावर इरलं, पाय चिखलाने भरलेले.

“मास्तर, तुका येता मां ती चालू करूक?”

मी तिच्याबरोबर गेलो. पडवीत गाडीवर गोणपाट घातलेलं होतं. खाडीची खारी हवा, एवढा पाऊस आणि मेस्त्री आजारी पडल्यापासून कुणाचा हात लागलेला नाही. ही सुरू होणार नाही अशी माझी खात्री होती. तिला काय सांगायचं ते मी मनात जुळवूनही ठेवलं होतं.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

धूर नळ्यांपर्यंत गेला. वळचणीखालचा कुत्रा उठला आणि पावसात वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. आवशीने पडवीचा खांब धरला. मी तिच्याकडे पाहत राहिलो. पुरे म्हणेल, मग बंद करू. ती माझ्याकडे पाहत होती. बाहेर काळोख पडला. गाडी चालूच होती, आणि ती कुणी बंद करायची हे आम्हा दोघांनाही ठरवता येईना.