लाल टॅग आणि बोरकर सरांची दहावी

आमच्या स्टाफरूमच्या कपाटात दोन गोष्टी साठत जातात, बंद पडलेले रिमोट आणि किस्से. रिमोट निदान उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका खोक्यात भरून बाहेर काढले जातात. किस्से कोण काढणार? चहाच्या सुट्टीत एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागून चार निघतात आणि तेवढ्यात घंटा होते! आज रविवार आहे, घंटा नाही. बसा निवांत.

मी वैशाली मेश्राम. भिलाईत, सुपेल्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वडील भंडाऱ्याहून इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. शाळेत हिंदी, घरी मराठी, आणि भांडताना दोन्ही! मी याच शाळेत शिकले. ज्यांच्यामुळे गणितात पास झाले, ते बोरकर सर आता स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. मी अजूनही त्यांच्यासमोर पाय हलवत बसत नाही.

सर तीस वर्षं दहावीला गणित शिकवत आलेत. हिरवा फळा, ओलं फडकं, उजव्या कोपऱ्यात तारीख. फळा दुसऱ्या कोणी पुसलेला त्यांना चालत नाही. "सोता पुसल्याबिगर माह्यं डोकं सुरूच होत नाई," म्हणतात.

मग शाळेत स्मार्ट बोर्ड आले. प्रत्येक वर्गात जुन्या फळ्याशेजारी एक. प्रिन्सिपल पिल्लई मॅडमनी मीटिंग घेतली. मॅडम मनाने चांगल्या आहेत, फक्त बोलताना सर्क्युलर वाचल्यासारखं वाटतं. मुलं स्क्रीनवर वाढलेली आहेत, त्यांना त्यांच्याच भाषेत शिकवायला हवं, दिवाळीनंतर शाळा कमिटीचे अध्यक्ष प्रत्येक शिक्षकाचा एक पीरियड बघायला येतील, असं सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "जो बोर्ड नहीं चलाएगा, वो टेन्थ नहीं पढ़ाएगा."

आणि जो चालवणार नाही त्याची सोयही ठरलेली होती. लायब्ररी!

सरांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती. बाहेर आल्यावर ते व्हरांड्यात थांबले. "वैशाली, मले लायब्ररीत बसवलं तर मी कोणाले शिकवू वो? कपाटाले?"

मला हसू आलं. मग दिसलं की सर हसत नव्हते.

*

बोर्ड सांभाळायला साहूजींना ठेवलं. साहूजी प्लांटमधून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन, राहायला उतईला. माणूस नोकरीतून निवृत्त झाला होता, सवयीतून नाही.

प्लांटमध्ये मशीनवर कोणी काम करत असेल तर स्विचला लाल टॅग लटकवतात: 'आदमी काम पर है, चालू न करें.' खाली तीन ओळी असतात. कारण, किसने लगाया, कब तक. सर्वांत खाली अधिकाऱ्याची सही. आणि नियम एकच, पण पक्का: ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, कारण आत एखाद्याचा जीव असू शकतो. भिलाईतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी हा नियम पाठ असतो.

साहूजींनी हा टॅग शाळेत आणला! बोर्डाची नुसती वायर सैल झाली तरी ते टॅग लटकवणार, पिल्लई मॅडमची सही आणणार, मगच स्क्रूड्रायव्हर काढणार. आम्ही हसायचो, पण टॅगला हात लावायची छाती कोणाची नव्हती.

एकदा सातवीच्या बोर्डाला टॅग लावून साहूजी पुतणीच्या लग्नाला गेले. बोर्ड सकाळीच दुरुस्त झाला होता. फक्त टॅग काढायचा राहिला होता. चार दिवस सातवीचा बोर्ड ठणठणीत आणि बंद! पाचव्या दिवशी साहूजी हातावरच्या हळदीसह आले, टॅग काढला आणि उलट आम्हालाच विचारलं, "किसी ने छुआ तो नहीं?"

पिल्लई मॅडम म्हणाल्या, "साहूजी, फोन कर देते, हम निकाल देते!"

साहूजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मॅडमनी स्वतःहून विषय बदलला.

*

लॉकडाउनमध्ये सरांनी आपले धडे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले होते. मुलं परीक्षेआधी ते अजूनही बघतात. सरांना त्याचा फार अभिमान.

एक दिवस वर्गात सर प्रमेय समजावत होते आणि मागच्या बाकावर चुळबुळ चालली होती. सरांनी खुशीला उभं केलं. खुशी वर्गातली सगळ्यात खरं बोलणारी मुलगी, म्हणजे शिक्षकांच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक.

"काय झालं? समजून नाई राहिलं?"

"सर, समझ तो आ रहा है... पर आप घर पे जल्दी बोलते हो!"

सरांना काही कळेना. मग उलगडा झाला. अख्खा वर्ग सरांचे व्हिडिओ दुप्पट स्पीडवर बघत होता! त्या पोरांच्या लेखी खरे बोरकर सर ते, मोबाइलमधले, भराभर बोलणारे. वर्गातले सर त्यांना बॅटरी उतरल्यासारखे वाटत होते.

सर स्टाफरूममध्ये आले, घटाघट पाणी प्याले आणि म्हणाले, "तीस वर्षं पोरांले म्हणून राहिलो, हळू सोडवा, हळू सोडवा. आन् हे मलेच पळवून राहिले!"

*

नंतर आले टॅब. आठवड्यातून दोनदा पहिल्या पीरियडला क्विझ. मुलांनी लिंक उघडायची, नाव टाकायचं, उत्तरं द्यायची. कोण कितव्या नंबरवर आहे ते पुढे मोठ्या बोर्डावर दिसतं. क्विझ मी लावून द्यायची, प्रश्न सरांचे. खरं सांगते, जी पोरं एरवी बाकावर चिकटलेली असायची ती उभी राहून ओरडायला लागली. सरांना ते आवडलं होतं. कबूल करायचे नाहीत ती गोष्ट वेगळी.

पण मुलं खरी नावं टाकतील तर शपथ! कोणी 'तूफान', कोणी 'गुपचुप वाली' (इकडे पाणीपुरीला गुपचुप म्हणतात). त्यात 'बी शिफ्ट' नावाचा एक जण सारखा पहिला येई, आणि वर्गात कोणी हात वर करेना. मग दोन आठवडे तो गायब. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा हजर, पुन्हा पहिला. मुलं म्हणाली, भूत आहे!

सरांनी फळा पुसला, तारीख टाकली आणि भुताचं गणित मांडलं. "प्लांटात शिफ्ट दर हप्त्याले बदलते, आन् हा दर तिसऱ्या हप्त्याले येते. म्हणजे त्याच हप्त्यात सकाळी घरी जागा राह्यते. ए शिफ्टवाला सकाळी ड्यूटीवर, सी शिफ्टवाला रातभर जागून झोपलेला, बी शिफ्टवाला दुपारी जाते. म्हणजे हा कोणाचा तरी बाप आहे!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अर्ध्या वर्गाचे बाप प्लांटमध्ये. मग सरांनी बोर्डावर 'बी शिफ्ट'ची सगळी उत्तरं उघडायला सांगितली. सगळी बरोबर. फक्त जिथे वजाबाकीचं चिन्ह कंसाबाहेर होतं, तिथे प्रत्येक वेळी चूक.

सर चष्मा काढून हसायला लागले. "कंसाबाहेरचा मायनस इसरणारा या भिलाईत एकच माणूस आहे. खुशी, तुह्या बाबाले फोन लाव!"

खुशीचे बाबा सरांचेच विद्यार्थी होते. दहावीला गणितात नापास होऊन दुसऱ्या खेपेला सुटलेले. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आली की तेही घरून उघडायचे. फोन स्पीकरवर लागला. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "सर, चुकलो. पुन्हा नाई करणार."

"कावून नाई करणार? कर. फक्त मायनस पाह्यत जा."

मग खुशीचे बाबा म्हणाले, "हो सर." अगदी दहावीतल्या पोरासारखं.

*

इकडे दिवाळी जवळ येत होती. क्विझ मी लावून देत होते तोवर ठीक, पण अध्यक्षांसमोर बोर्ड सरांना एकट्याने चालवायचा होता. एक दिवस सर मला जिन्यात गाठून म्हणाले, "मले शिकव. पण कोणाले सांगू नको, पोरांले तर बिलकुल नाई."

मग दर रविवारी, मी विहारातून घरी आले की पाठोपाठ सर हजर. माझ्या लॅपटॉपवर आणि टीव्हीवर आमची शाळा भरायची. माझी आई सरांना चहा द्यायची आणि मला दटावायची, "सरांवर वरडू नको!" मी ओरडत नव्हते हो, पण सर प्रत्येक स्लाइड बंद करण्याआधी टीव्हीची काच रुमालाने पुसत! बोटाने वर्तुळ काढलं की दोन्ही हात झटकून खडू उडवत. उडायला काही नसायचं.

पण माणूस जिद्दीचा. सहाव्या रविवारी सरांनी स्वतः अठरा स्लाइडचा धडा तयार केला. वर्तुळाची स्पर्शिका. बिंदू सरकवला की स्पर्शिका सरकायची, त्रिज्येशी होणारा काटकोन मात्र तसाच राहायचा. सरांनी तो बिंदू दहादा फिरवून पाहिला. "हे फळ्यावर नाई जमत वो," हळूच म्हणाले. "तीस वर्षं मी पोरांले म्हणत होतो, मनात फिरवून पाहा. आता डोळ्यांनं दिसते."

ज्यांनी मला शिकवलं, त्यांना मी शिकवलं होतं, आणि ते मुलासारखे खूश होते. त्यांनी पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून दोनदा थोपटला.

*

आता तो दिवस.

कमिटीचे अध्यक्ष श्रीवास्तव साहेब आले. प्लांटमधून मोठे इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, कमी बोलणारे. त्यांच्यामागे पिल्लई मॅडम फाइल घेऊन, त्यांच्यामागे साहूजी, आणि तंत्रज्ञान-मदतनीस म्हणून मी. आम्ही दहावीत शिरलो. सर पुढे उभे, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन ड्राइव्ह.

आणि स्मार्ट बोर्डाच्या स्विचला लाल टॅग!

बोर्ड आदल्या संध्याकाळी मी स्वतः चालवून पाहिला होता. मी साहूजींकडे पाहिलं. "मेरा नहीं है, मैडम," साहूजी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

पिल्लई मॅडमनी वर्गाला विचारलं, "किसने लगाया?"

बेचाळीस मुलं एकदम उभी राहिली.

मला सगळं समजलं. लायब्ररीची गोष्ट मुलांच्या कानावर गेली होती. आपले सर साहेबांसमोर बोर्ड चालवताना अडखळणार, मग आपल्याला दहावीच्या परीक्षेआधी दुसरेच सर येणार, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. सहा रविवारांचा त्या बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता! मुलांनी सरांना वाचवायला बोर्ड बंद केला होता, आणि नेमका त्याच दिवशी सरांना तो चालवता येत होता.

"निकालो अभी," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम," मी म्हणाले, "सरांना बोर्ड..."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको.

मॅडम स्वतःच टॅग काढायला निघाल्या. पण श्रीवास्तव साहेबांनी हात आडवा केला. "रुकिए. जिसने लगाया, वही निकालेगा." असं म्हणून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. "सर, आप शुरू कीजिए."

सरांनी खिशावरून एकदा हात फिरवला. मग ओलं फडकं घेऊन फळा पुसला, उजव्या कोपऱ्यात तारीख लिहिली आणि खडूने वर्तुळ काढलं. एका हाताने, एका झटक्यात, पूर्ण गोल. तीस वर्षांचं वर्तुळ! मग स्पर्शिका. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "अब आँख बंद करो. ये बिंदु को मन में घुमाओ." मी पाहिलं, मुलांबरोबर श्रीवास्तव साहेबांनीही डोळे मिटले होते.

घंटा झाली. साहेब उठून टॅगजवळ गेले आणि वाकून वाचू लागले.

"साहूजी, इस पर अफसर का साइन नहीं है."

"जी साहब. तब तो टैग अधूरा है."

साहेबांनी बोरकर सरांकडे पेन मागितलं. सरांनी खिशातून पेन काढताना पेन ड्राइव्ह बाहेर पडला, टपकन साहेबांच्या बुटाजवळ. साहेबांनी उचलून विचारलं, "ये क्या है, सर?"

सरांनी मुलांकडे पाहिलं. बेचाळीस चेहरे, जिंकल्यासारखे.

"कुछ नहीं, साहब," सर म्हणाले आणि तो परत खिशात ठेवला.

साहेब पाठमोरे होऊन काहीतरी लिहीत होते. मग त्यांनी पेन परत दिलं, सरांशी हात मिळवला आणि निघून गेले. पिल्लई मॅडम त्यांच्यामागे, फाइल न उघडताच. मी पुढे होऊन टॅग वाचला.

कारण: बोरकर सर पढ़ा रहे हैं.

किसने लगाया: मुंग्यांसारख्या बारीक बेचाळीस सह्या, मागच्या बाजूपर्यंत गेलेल्या.

कब तक: सर के रिटायरमेंट तक.

आणि त्याखाली, अधिकाऱ्याच्या जागी, श्रीवास्तव साहेबांची सही.