बेडूक पाण्यात पडल्यावर

गणपतींचं विसर्जन झालं त्याच आठवड्यात माझी थोरली मुलगी शिकायला जर्मनीला गेली. जाण्याआधी तिने धाकटीच्या टॅबलेटवरच्या वाचनाच्या खेळात आपला आवाज भरून ठेवला होता.

धाकटी तेव्हा चौथीत होती. तिला डिस्लेक्सिया आहे. सुटी अक्षरं ती ओळखते. शब्दात आली की ती जागा बदलतात आणि ओळ संपायच्या आत ती थकते. वारज्यात ती एका विशेष शिक्षिकेकडे जाते. हा खेळ त्यांनीच सुचवला होता. तळ्यातल्या दगडांवर शब्द लिहिलेले असतात. खेळातला आवाज एक शब्द सांगतो. त्या दगडावर बोट ठेवलं की बेडूक पुढे उडी मारतो, चुकलं की पाण्यात पडतो.

मूळ आवाज रेल्वेच्या फलाटावरच्या सूचनेसारखा होता. धाकटी लगेच कंटाळून उठायची. थोरलीने सेटिंग उघडून पाहिलं, तर घरचा आवाज भरायची सोय होती. पंखा बंद करून, घामाघूम होत तिने सगळे शब्द म्हटले. चुकीच्या उत्तरासाठी तिने भरलं, "पडलीस? अगं माकडा, डोळे दप्तरात ठेवलेस का? परत बघ." बरोबर उत्तराला तिने काहीच भरलं नाही. तिथे नुसती घंटा वाजते.

"कौतुकाचंही भर की काहीतरी," मी म्हटलं.

"घंटा आहे ना. आणखी काय, शाल-श्रीफळ देऊ?"

ती गेल्यावर दर रविवारी फोन येऊ लागला. फोनवर ती पाहुण्यासारखी बोलायची. जेवलीस का, शाळा कशी चाललीय. धाकटी "हो", "बरी" म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. इतर दिवशी संध्याकाळी आतल्या खोलीतून "अगं माकडा" ऐकू यायचं आणि माझं लाटणं थांबायचं. एकदा मी पोळी तव्यावर टाकता टाकता "हळू बोल गं जरा" असं ओरडले. आतून कोणी उत्तर दिलं नाही.

दिवाळी झाली तरी बेडूक दुसऱ्या तळ्याच्या पुढे गेला नव्हता. मी हे सांगितल्यावर शिक्षिकेने विचारलं, "हेच शब्द ती माझ्याकडे कागदावर वाचते. घरी का चुकते?"

त्या संध्याकाळी मी खोलीच्या दारात उभी राहिले. शब्द आला, 'कपाट'. धाकटीचं बोट बरोबर दगडावर गेलं, तिथे थांबलं आणि शेजारच्या दगडावर टेकलं. बेडूक पडला. "पडलीस? अगं माकडा..." धाकटी हसली. पुढचा शब्दही तिने तसाच चुकवला.

मी आणखी एकदा ऐकलं आणि स्वयंपाकघरात परतले.

रविवारी थोरलीला हे सांगितलं.

"काढून टाक माझा आवाज," ती म्हणाली.

"मला नाही जमायचं ते."

"बरं, राहू दे. आता मी तिला लिहून पाठवते. तू वाचून दाखवायचं नाहीस, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर तिचा मेसेज आला. मी फोन धाकटीला दिला.

"आई, वाच ना."

"ताईने नको म्हणून सांगितलंय."

"खडूस."

"कोण?"

"दोघी."

ती फोन घेऊन जमिनीवर बसली. मेसेज असा होता: 'माकडा, माझ्या खिडकीच्या बाहेर तळं आहे. बेडूक एकही नाही.'

"माकडा" तिने लगेच वाचलं. "माझ्या" वाचलं. "खिडकीच्या"ला वेळ लागला. पुढचा शब्द तिने "बहार" असा वाचला आणि फोनकडे बघत थांबली.

फोनमधून काही आवाज आला नाही. तिने बोट मागे नेलं आणि "बाहेर" वाचलं.