आधी जमीन दाखवा

नजीरभाई शिकलगार कॉम्प्युटर विकण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरची जमीन बघायला यायचे. हे कुणालाही सांगितलं की समोरचा हसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र हसले नव्हते. मला भयंकर राग आला होता.

कोल्हापुरात शाहूपुरीत एका लॉजच्या वरती त्यांचं दुकान होतं. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असलं तर खालच्यानं थांबायचं. आधी टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करायचे, मग गावात कॉम्प्युटर आले तसे ते जोडून द्यायला लागले. बुटका बांधा, जाड भिंगांचा चष्मा, खिशात टेस्टर आणि कानावर पेन्सिल. मूळ गाव नेसरी. वडील-आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. त्या घरात वाढल्यामुळे असेल, पण कुठलीही वस्तू हातात आली की हे गृहस्थ आधी ती तळहातावर तोलून बघायचे. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी चहा आला, तर चहाचा ग्लाससुद्धा तोलला.

मी तिथं गेले ते दादासाठी. दादा माझा थोरला भाऊ, इचलकरंजी ते मुंबई जाणाऱ्या खासगी आरामगाडीवर ड्रायव्हर. वडील लवकर गेले, त्यामुळे माझं डी.एड. दादाच्या स्टिअरिंगवर झालं. मी शिक्षिका म्हणून लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी घाटात त्याच्या गाडीचा ब्रेक लागला नाही. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. दोन प्रवासी गेले, बाकीचे वाचले. दादाचं कमरेखालचं अंग कायमचं गेलं आणि डावा हात वाकडा जुळला. मालकानं सांगितलं, ड्रायव्हरची चूक. गाडी भंगारात गेली. तिचा ब्रेक कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही.

त्यानंतर आठ महिने दादा भिंतीकडे तोंड करून पडून होता. कबनूरला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. भिंतीला लागून दुसऱ्याचे यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. आई रडून दमली, मी बोलून दमले. एकदा तो शांतपणे म्हणाला, "सुमे, मला आता जगायचं न्हाय. तू उगा धडपडू नको." त्या दिवसापासून शाळेतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी मी थबकायचे. आत काय दिसेल याची भीती वाटायची. ही भीती मी आईलाही कधी सांगितली नाही.

मग मतदानाचा दिवस आला. शेजारच्या चौघांनी दादाला खुर्चीत बसवून उचलून आमच्या शाळेत नेलं. बाहेर रांग मोठी होती, म्हणून आमच्या एका सरांनी त्याला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं आणि सहज गाडी चालवायचा खेळ लावून दिला. मशीन जुनं. चित्र अडखळायचं, वळणावर गाडी थबकायची आणि एकदम पुढे उडी मारायची. दादानं उजव्या हाताच्या बोटांनी दहा मिनिटं ती गाडी चालवली. घरी येताना म्हणाला, "ह्ये झटके न खाता चालणारं मिळतंय का गं?"

आठ महिन्यांत त्यानं मागितलेली ती पहिली गोष्ट. त्यानं चंद्र मागितला असता तरी मी शिडी शोधायला निघाले असते.

पुढच्याच रविवारी कोल्हापुरातली दुकानं पालथी घातली. जिथं जावं तिथं एकच विचारणा: कार्ड कुठलं टाकायचं? खेळातलं चित्र पळवतं ते ग्राफिक्स कार्ड, एवढं मला सहाव्या दुकानात समजलं. सातवं दुकान नजीरभाईंचं. त्यांनी कार्डाचं नावच काढलं नाही. विचारलं, खेळणार कोण, एका बैठकीला किती वेळ, बसून की पडून. मी दादाचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पाय कुठला हलतोय?" इतकं रोखठोक आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक नुसते च् च् करायचे. मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी पेन्सिल काढून कागदावर लिहिलं: पाय नाहीत. उजवा हात पूर्ण. डावा अर्धा.

मग म्हणाले, "ताई, आधी जमीन दाखवा. मशीनचं मागनं बघू."

त्याच्या पुढच्या रविवारी ते खरंच एसटीनं कबनूरला आले. पिशवीत होल्डरला लावलेला एक बल्ब आणि दोन वायरी. एक वायर प्लगच्या वीज येणाऱ्या भोकात घातली, दुसरी अर्थिंगच्या. घरातली उनाड वीज जमिनीत सोडून देणारी तार म्हणजे अर्थिंग. ती जिवंत असेल तर बल्ब लख्ख पेटतो. आमचा बल्ब नुसता लाल झाला. भिंतीपलीकडचे माग चालू झाले तेव्हा तर पार विझला. नजीरभाईंनी दारात उकिडवं बसून मातीत बोट घातलं, चोळून पाहिलं आणि सांगितलं की इथं खड्डा काढायचा, त्यात पाइप, कोळसा आणि खडेमीठ घालायचं, आठ दिवस पाणी मुरवायचं. त्यानंतर मशीन तीन दिवस त्यांच्या दुकानात सलग चालणार. "तालमीतनं निघाल्याबिगर मी मशीन देत न्हाय. ज्याला मरायचं हाय त्यानं माझ्या दुकानात मरावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझा तोल गेला. आत माणूस दिवसाला अर्धी भाकरी खात नव्हता आणि हे मला मिठाचं माप सांगत होते. "तुमचं मीठ मुरेपर्यंत माझा भाऊ राहील का?" असं मी दारात, शेजाऱ्यांच्या देखत, ओरडले. त्यांनी खिशातून यादी काढून माझ्या हातात दिली. सगळ्यात वर पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज वाटून देणारा पत्र्याचा डबा, आणि सगळ्यात खाली कार्ड. म्हणाले, "दुसरीकडनं घ्या, माझी ना न्हाय. खालचं काय बी बदला. पयलं नाव बदलू नका."

मी यादी घेऊन दुसरं दुकान गाठलं. तिथला माणूस गोड बोलणारा होता. म्हणाला, मॅडम, हा डबा आमच्याकडे कॅबिनेटसोबतच येतो, त्यापेक्षा कार्ड एक नंबर वरचं टाकू, आजच्या आज जोडून देतो. आजच्या आज! मी हो म्हटलं. मला तो डबा बिनमहत्त्वाचा वाटला. त्याच्यावर काही दिसत नाही, त्याच्यातून काही ऐकू येत नाही. शाळेत पोरांना प्रश्न नीट वाचायला सांगणारी बाई मी, आणि यादीतली पहिलीच ओळ खोडून आले.

दोन दिवस आमच्या घरात सण होता. टेबलाला मशीनसोबतच घेतलेलं खेळाचं स्टिअरिंग अडकवलेलं, पायातली पॅडलं निरुपयोगी म्हणून आईनं कोपऱ्यात ठेवलेली, आणि दादा पाठीला उशा लावून बटणांवर गाडी पळवत होता. आईला हाक मारून म्हणाला, बघ, पाऊस पडतोय काचेवर. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भारनियमन संपून वीज आली. दादानं मशीन लावलं, गाडी काढली, आणि तेवढ्यात शेजारचे आणि पलीकडच्या गल्लीतले सगळे माग एकदम सुरू झाले. दिवा फडफडला. मशीनमधून फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. पडदा काळा. मी धावत गेले तर दादाचा हात अजून स्टिअरिंगवर होता.

"माझ्या हातात आलं की मोडतंयच बघ," तो म्हणाला. तोंड भिंतीकडे वळवलं आणि त्यानंतर दोन दिवस पाण्याचा घोटही घेईना. डॉक्टरांनी सलाईन लावलं. ती बाटली थेंब थेंब रिकामी होताना बघत मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. त्याच्या मनात होतं ते मीच पुराव्यानिशी त्याच्या हातात दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नजीरभाईंचा जिना चढले. काय बोलायचं ते सगळं पाठ करून गेले होते, पण वर पोचल्यावर रडूच फुटलं. त्यांनी "मी सांगितलं होतं" असं एका शब्दानं म्हटलं नाही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं उठवली, कुलूप लावलं आणि पिशवी घेऊन माझ्यासोबत निघाले.

घरी आल्यावर मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. दादाच्या उशाशी बसले. "पावणं, उजवा हात पुढं करा." दादा हलेना. त्यांनी स्वतःच त्याचा हात उघडून त्यावर आपल्या पिशवीतला पॉवर सप्लाय ठेवला. मग आमच्या मशीनमधला जळका काढून तो ठेवला. "आता सांगा, जड कुठलं?"

शेवटी दादा म्हणाला, "पयलं."

नजीरभाईंनी जळका डबा त्याच्या डोळ्यांसमोर खोलला. आत अर्धा डबा रिकामा. जे होतं त्यातलं एक फुगून फुटलेलं. पेन्सिलीच्या टोकानं एकेक जागा दाखवत म्हणाले, "हितं तांबं पायजे, न्हाय. हितं जाड पत्रा पायजे, न्हाय. वरनं कार्डाचा बोजा आणि बाहेरनं मागांचा धक्का. ही गाडी तुम्ही न्हाय मोडली, दादा. हिला दमच नव्हता."

दादा त्या उघड्या डब्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा काही कसनुसा झाला की आई पुढे धावली. तो म्हणाला, "आमची गाडी बी कुणी अशी खोलून बघितली असती तर." आणि अपघातानंतर पहिल्यांदा तो रडला, मोठ्यानं. नजीरभाईंनी त्याला गप्प केलं नाही. मांडीवर तो डबा धरून बसून राहिले.

मग खड्डा निघाला. कोळसा, खडेमीठ, पाइप, सगळं. दादाला खुर्चीत बसवून दारात आणलं, कारण नजीरभाईंचं म्हणणं की ज्याचं मशीन त्यानं बघायचं. आठ दिवस पाणी मुरलं. बल्ब लख्ख पेटला. मशीन तीन दिवस तालमीत राहिलं. कार्ड त्यांनी उलट एक नंबर खालचं निवडलं. म्हणाले, झटके कार्डानं कमी होत नाहीत, सगळ्यांनी एका दमानं चालल्यावर कमी होतात. आणि कोपऱ्यातली ती पॅडलंही घेऊन गेले. रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतं तसलंच फिरतं चाक पॅडलच्या पोटात असतं, हे त्यांच्या टीव्ही-रेडिओच्या हातांना ठाऊक होतं. पॅडलं तोडून त्यांनी मोटरसायकलची एक जुनी मूठ जोडली, दादाच्या अर्ध्या हाताला झेपेल इतकी नरम स्प्रिंग टाकली; मूठ पिळली की खेळातल्या गाडीचा ब्रेक लागायचा. "आधी ब्रेक. पळायचं कसं त्ये मागनं बघू."

यानं दादा बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो बरा होणार नव्हताच. अजूनही काही दिवस भिंतीचे असायचे. पण जेवायला लागला. शर्यतीत तो कायम शेवटचा यायचा, कारण प्रत्येक वळणाला गाडी हळू करायचा. नजीरभाई महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, स्वतः कधी खेळले नाहीत. शेजारी बसून एकच विचारायचे, "आज ब्रेक किती वेळा लागला?"

"सगळ्या वेळा," दादा म्हणायचा.

जाताना खड्ड्याजवळ वाकून माती बघायचे आणि उन्हाळ्यात पाणी विसरू नका म्हणून बजावायचे. ते काम दादानं स्वतःकडे घेतलं. दर रविवारी खुर्ची दाराशी लावून घेऊन तो मगानं पाणी ओतायचा.

सहाएक वर्षांनी तो पॉवर सप्लाय थकला. दादा हट्टाला पेटला की नवा नजीरभाईंनीच निवडायचा. रिक्षा करून आम्ही शाहूपुरीला गेलो. दादाला जिना शक्य नव्हता, म्हणून मी वर गेले. नजीरभाईंना पाहून चरकले. दोन्ही हात थरथरत होते. दोन डबे मी घेतले, ते कठडा धरून एकेक पायरी उतरत आले. रिक्षाजवळ उभं राहून त्यांनी एक डबा हातात घेतला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. शेवटी पायरीवर बसले.

"ताई, वजन कळंना झालंय," ते म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून इतकं हरलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दादानं रिक्षातून उजवा हात बाहेर काढला. "आणा इकडं, भाई." दोन्ही डबे आळीपाळीनं तोलले. "ह्ये हलकं हाय. त्ये दुसरं घेतो."

"नक्की?"

"व्हय."

नजीरभाईंनी मान डोलावली आणि चष्मा काढून पुसत बसले. वर दुकानात गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा ऐन उन्हाळा होता. मी एकटीच कोल्हापूरला त्यांच्या घरी जाऊन आले. परतले तर दादा दाराशी खुर्चीत होता, हातात रिकामा मग, खड्ड्याभोवतीची माती भिजलेली. रविवार नव्हता.

"दफन झालं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

 मातीवर नजर ठेवून तो म्हणाला, "जमीन कशी हाय तिथली?"

कब्रस्तानात बायका जात नाहीत, मी काहीच पाहिलं नव्हतं.

"ओली हाय, दादा," मी म्हटलं. "चांगली ओली हाय."