लसणीशिवाय दोन किलो

माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझी चौथीतच फारकत झाली. हे कोणी वाचणार नाही, पण चुकून वाचलंच तर पोटात घालावं.

खारी गावातल्या आमच्या आत्यांपेक्षा हेल्पलाइनला जास्त नालायक माणूस अख्ख्या भाईंदरात शोधून सापडायचा नाही. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी महिला मंडळाने गोडदेवला दोन खोल्यांत ही लाइन सुरू केली. दुपारी तिथे आम्ही दोघी बसतो, पगार नाही, चहा मिळतो. मला बोलायची भीती, म्हणून न बोलणारे फोन माझ्याकडे. काही बायका फोन लावतात आणि नुसत्या श्वास घेत बसतात. इकडे मीही घेते. बोलणारे फोन आत्यांकडे. आत्यांना फोन म्हणजे लांब हाक मारायचं साधन वाटतं. समोरची बाई वरसाव्याहून बोलत असेल, तर आत्या थेट वरसाव्याला ऐकू जाईल असं बोलतात. मध्ये फोन असतो तो नुसता मानाला. कानाला लावला की कान दुखतो म्हणून तो कायम स्पीकरवर. शिकवायला आलेल्या मॅडमनी सांगितलं होतं, सल्ला द्यायचा नाही, नवऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त ऐकायचं. आत्या म्हणाल्या, "ऐकते ना. पन ऐकताना तोंड कशाला बंद ठेवायचं?" कोणीही रडायला लागलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का? आधी जेव, मंग रड." एकदा एका गुजराती बाईला त्यांनी हे हिंदीत सांगितलं, "पहिले दो घास खाव, बादमें रडो." ती रडता रडता हसायला लागली. आत्यांची तेव्हापासून खात्री आहे की आपलं हिंदी चांगलं आहे.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे मसाला. उन्हाळ्यात त्या मिरच्या भाजून, डंकावर कुटून वर्षाचा मसाला विकतात, आणि गिऱ्हाइकाने वास घेतल्याशिवाय माल हातात देत नाहीत. वासही असा तसा नाही, पुडी नाकाखाली धरून, पोटापर्यंत. मॅडमनी घेतला त्या दिवशी शिकवणी तिथेच संपली. फोनवर वास देता येत नाही याचं आत्यांना फार वाईट वाटतं, म्हणून त्या बोलण्यातच जाहिरात उरकतात. "घाबरू नको बाय, काईतरी मार्ग निघंल, आनि मसाला लागला तर सांग."

नवघरची एक बाई अधूनमधून फोन करायची. नवऱ्याची रात्रपाळी, तो दुपारी झोपला की बोलायची. लहान मुलीला घेऊन निघायचं होतं, पण तो दोघींना एकत्र दाराबाहेर पडू देत नव्हता. एका दुपारी ती सांगत होती, "आत्या, काल त्याने पोरीवर पण हात..." आणि एकदम तिचा आवाज बदलला. "हां, मसाला पाहिजे होता. दोन किलो."

मला कळलं, तो उठला. आत्यांना कळलं नाही. त्या खुर्चीत सरळ झाल्या. "बेडगी मिरची जास्त का संकेश्वरी? लसूण घालू?" मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी फोनवर हात ठेवून मला दटावलं, "थांब गो, गिऱ्हाईक हाय." तेवढ्यात पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "लसूण नको म्हणावं. आणि घरी आणून देतात का विचार." पत्तासुद्धा त्यानेच सांगितला, लिफ्टच्या डाव्या हाताला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आत्या, तिला मसाला नकोय. तो जागा झाला म्हणून बोलली ती."

"म्हंजे गिऱ्हाईक खोटं?"

"हो."

"मंग लसूण नको कोन बोल्लं?"

"नवरा."

"तो खरा गिऱ्हाईक हाय ना मंग," आत्या म्हणाल्या. "माल द्यायला जायलाच पायजे."

मॅडमना कळवलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पण त्यांनीच खाली रिक्षा आणि रिक्षात एक पोलीसताई बसवायची व्यवस्था केली. आत्यांनी त्या बाईला फोन करून, नवऱ्याला ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "उद्या सकाळी माल येतोय. पिशवी मी देत न्हाय, पिशवी तुझी भरून... तयार ठेव."

सकाळी पुडी घेऊन आत्या पुढे, मी मागे. दार नवऱ्यानेच उघडलं, बनियनवर. आत्यांनी पुडी त्याच्या नाकाखाली धरली. "वास घ्या. असा न्हाय, पोटापासून." त्याने घेतला. पहिल्या शिंकेला तो चौकटीला टेकला. "परत घ्या, लसूण लागते का बघा," आत्या म्हणाल्या. तो भिंत धरून शिंकत असताना ती बाई पिशवी आणि मुलगी घेऊन त्याच्या बाजूने बाहेर आली. मी मुलीचा हात धरला. जिन्यात तिने विचारलं, "पप्पांना सर्दी झाली?" मी म्हटलं, "नाही, मसाला चांगला आहे." वर आत्या त्याला सांगत होत्या, "पैसे मांगाहून घेते."

ते पैसे त्यांनी घेतले, पण तिच्याकडून. "ऑर्डर तिची होती," म्हणाल्या. ती आधी महिलाश्रमात, मग भाड्याच्या खोलीत, एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला लागलेली, आणि आत्यांचा हुकूम, दर शनिवारी फोन करून कधी देणार ते सांगायचं. मॅडम म्हणाल्या, "सोडून द्या ना आत्या." आत्या म्हणाल्या, "धंदा हाय." मलाही राग आला होता. पण शनिवारचा फोन मी बाजूलाच बसून ऐकायचे. पैशांचं एक वाक्य, आणि मग अर्धा तास, जेवलीस का, पोरगी शाळेत जाते का, तो आला का तिकडे. एकदा तिने जास्त पाठवले तर आत्या तिच्यावरच उखडल्या, "एवढे कशाला? थोडे थोडे दे."

गेल्या शनिवारी ती फोन न करता स्वतःच आली, मुलीला घेऊन, आणि उरलेले सगळे पैसे टेबलावर ठेवले. आत्यांनी मोजले. परत मोजले. मग म्हणाल्या, "लसूण न्हवती घातली. लसणीचे कापायला पायजेत. हिशेब करून सांगते, शनवारी फोन कर."

"राहू द्या हो आत्या," ती हसून म्हणाली. "फिटले ना सगळे?"

"फिटले," आत्या म्हणाल्या, आणि ते ऐकायला मला पहिल्यांदाच त्यांच्याकडे वाकावं लागलं.